मिरच्या भाजण्यापुरती वीज

झाप्रिआनने आयुष्यभर वीज केली. गलाबोवो गावच्या औष्णिक वीजकेंद्रात तो बॉयलरवर होता. कोळशाची उष्णता, उष्णतेची वाफ, वाफेने फिरणारं चाक, चाकाची वीज. ती वीज तारांवरून त्याच्याच घरी यायची आणि त्याची बायको राय्ना तिची पुन्हा उष्णता करून मिरच्या भाजायची.

एवढ्या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेच्या तीन भागांपैकी जेमतेम एक घरापर्यंत पोचतो, हे त्याने लग्न झाल्या झाल्या तिला सांगून टाकलं होतं. राय्ना म्हणाली होती, "म्हणजे तीन टोपल्यांतल्या दोन तुम्ही केंद्रवाले वाटेतच सांडता. वर पगारही घेता."

सप्टेंबर लागला की इमारतीच्या गॅलऱ्यांतून मिरच्या भाजायचे विजेचे चुश्कोपेक बाहेर येत. उभट भांडं, आत तापलेली तार, मधल्या पोकळीत एका वेळी एकच लांब लाल, ढोबळीसारखी जाड मिरची. सगळ्या घरांनी एकदम भाजायला घेतलं की जिन्याचा फ्यूज उडायचा, म्हणून पाळ्या ठरलेल्या. राय्नाची शनिवारी. रविवारी दुपारी मुलगा मिलेन जर्मनीच्या बसने परत जाणार होता आणि भाजल्या मिरच्यांच्या घट्ट चटणीच्या बरण्या त्याच्याबरोबर जायच्या होत्या. तो दरवर्षी येतो तो बरण्यांसाठी, अशी राय्नाची पक्की समजूत होती. बरण्या चुकल्या की येणंही चुकेल. हे ती कोणाजवळ बोलत नसे. मिरच्या मात्र दरवर्षी वाढवत न्यायची.

झाप्रिआनचं निवृत्तीनंतरचं ते पहिलं वर्ष. भांड्याच्या तोंडातून फुकट जाणारी उष्णता त्याला बघवेना. शनिवारी सकाळी राय्ना टोमॅटो आणायला गेली, तेव्हा त्याने उष्णता कोंडून ठेवायला बॉयलरला गुंडाळतात तसली काचेची लोकर भांड्याभोवती गुंडाळली आणि वर घट्ट झाकण बसवलं. उष्णता बाहेर जायची थांबली. मग त्या कोंडलेल्या उष्णतेने आतली तारच वितळवली.

राय्ना परतली, भांडं पाहिलं, टोमॅटो खाली ठेवले आणि तशीच दुकानात गेली. दुकानातले चुश्कोपेक संपलेले. शेजारी मागायची सोय नाही. सप्टेंबरात एक वेळ कोणी नवरा उसना देईल, चुश्कोपेक नाही.

झाप्रिआन खाली उतरला. इमारतीमागे विटांवर एका जुन्या शेगडीचा पत्रा टाकला, खाली लाकडं पेटवली. पत्र्यावर टोपलीभर मिरच्या एकदम मावल्या. वाफ नाही, चाक नाही, तार नाही. वरच्या गॅलरीतून शेजारच्या दोच्का मावशींनी चौकशी केली, केंद्र बंद पडलं की काय.

राय्ना उकिडवी बसून मिरच्या उलटत होती. "जन्मभर जाळत आलास," ती म्हणाली, "कामाचं आज पहिल्यांदा जाळतोयस."

झाप्रिआनने आणखी एक लाकूड आत सारलं. वास खरोखरच चुश्कोपेकपेक्षा चांगला येत होता, आणि याचा हिशेब त्याला लागेना.

मिलेन खाली आला, बाह्या सरसावून साली काढायला बसला. बोटं काळी झाली. भाजून, सोलून, चटणी शिजवून बरण्या भरेपर्यंत रविवारची संध्याकाळ होणार आणि दुपारची बस चुकणार, हे तिघांनाही दिसत होतं. शेवटी मिलेनच म्हणाला, बुधवारीही एक बस असते.

राय्नाने मान वर केली नाही. फक्त तिचा भराभर चालणारा हात सावकाश झाला.

"मग बाजारातून अजून एक पोतं आण," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत काम पुरायला हवं."