घंटा वाजली की या

आग विझवणाऱ्या पाइपांचं काम मी माधवनगरच्या एका गिरणीत फिटर असताना शिकलो. डिप्लोमा नाही, पाठीशी कुणी नाही. हातातला पाना तेवढा आपला. पुढं सांगलीत दुकान टाकलं. म्हणून कुणी माझ्या कामाला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. जतच्या गोदामावरून लोक अजून ठेवतात.

ते सुताचं गोदाम साताऱ्याच्या एका मालकाचं. छताखाली पाण्यानं भरलेले पाइप, आणि ते जमिनीतून वर येतात तिथं मी बसवलेला अलार्म व्हॉल्व्ह. आगीच्या धगीनं छताची तोटी फुटली की पाणी धावतं, व्हॉल्व्हमधली झडप उचलते, थोडं पाणी बारीक नळीतून बाहेरच्या भिंतीकडं जातं आणि तिथली लोखंडी घंटा त्या पाण्याच्या जोरावरच बडवली जाते. वीज लागत नाही, आणि ते पाणी घंटेखालच्या नळीतून बाहेर पडतं. झडप अडकू नये म्हणून मधूनमधून कॉक उघडून, घंटा वाजवून चाचणी घ्यावी लागते. त्यात पाणी फार जातं.

जतला पाणी टँकरचं. मालक म्हणाला, चाचणी बंद करा. त्याच सुमाराला शेजारच्या मेंढपाळांच्या वस्तीनं आपल्या रानातून त्याचे ट्रक जाऊ द्यायला नकार दिला होता. मी सौदा जमवला : चाचणीचं पाणी वस्तीला, वाट मालकाला. मालकानं मान डोलावली. असल्या गोष्टींचा कागद कुणी करत नाही.

वस्तीतर्फे बोलायला एक चाळिशीची बाई आली. तोंडाची तिखट.

"आवं मिस्त्री, वार ठरवा. आमी रानात असतो. तुमी कवा येनार, कसं कळायचं?"

"मला दहा कामं असतात, वैनी. वार जमायचा नाही. घंटा वाजली की या."

"म्हंजे दिसभर तुमच्या घंटंकडं कान लावून बसायचं व्हय? एवढं तर मी नवऱ्याचं बी ऐकत न्हाई."

बायका हसल्या. ती अर्धा तास भांडली. मी तसूभर हटलो नाही, आणि सौदा जिंकला म्हणून खुशीत सांगलीला परतलो.

दोन वर्षं तसं चाललं. घंटा वाजली की बायका घागरी घेऊन भिंतीपाशी पळत येत, ती सगळ्यांच्या पुढं. मधल्या काळात मालकानं त्याच भिंतीला लागून पत्र्याची शेड उभी केली आणि तिच्यात सुताचं भंगार कोंबलं. पाइप तिथंही न्या, म्हणून मी त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो. तो म्हणाला, पुढच्या साली बघू. मी पाय आपटत निघून आलो. बायकांना मात्र काही सांगितलं नाही.

आग भर दुपारी त्या शेडमध्ये लागली. धग गोदामात शिरली, तोटी फुटली, घंटा वाजली. गोदामामागं रोजच कचरा जाळत, त्यामुळं धुराचं कुणाला नवल वाटलं नाही. ती घागर घेऊन पळत आली आणि नळीखाली वाकली. जळती शेड तिच्या अंगावर कोसळली. मागच्या बायका वाचल्या. गोदामातलं सूत भिजलं, पण जळालं नाही.

चौकशीत मालक म्हणाला, "या बायका चोरून पाणी भरायला शिरत." मला फक्त व्हॉल्व्हबद्दल विचारलं. व्हॉल्व्ह चोख होता, तेवढंच मी सांगितलं. पाण्याचा सौदा सांगितला नाही. तिला वार हवा होता आणि मी दिला नाही, हेही नाही. तरी मालक चारचौघांत बोलत राहिला की याच्या घंटेनं बाई मेली.

महिन्याभरानं तिचा नवरा दुकानात आला. शिव्या देईल असं वाटलं. मीही तयारीत होतो.

"पोरीची सोयरीक मोडली," तो म्हणाला. "चोराची लेक म्हनत्यात. तुमीच बोलावलं हुतं, तेवढं लिवून द्या."

त्या मालकाची दोन कामं तेव्हा माझ्या हातात होती. मी म्हणालो, दोन दिवसांनी या.

"बसतो की," म्हणाला आणि बाकावर बसला. गिऱ्हाईकं येऊन गेली. तो बसूनच. शेवटी मी लेटरहेड ओढलं आणि पानभर लिहिलं.

"वाचा. मला येत न्हाई."

वाचलं. व्हॉल्व्ह कसा नीट चालला, घंटा वेळेवर कशी वाजली, माझं न ऐकता मालकानं शेड कशी बांधली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आन् ती?"

मी दुसरा कागद घेतला. त्यावर तीनच ओळी लिहिल्या : ही बाई चोरी करायला आली नव्हती. पाण्याला तिला मी बोलावलं होतं. मालकाला ते ठाऊक होतं. सही केली, शिक्का मारला, त्याला वाचून दाखवलं. त्यानं तो घडी करून मुंडाशात खोचला आणि पहिला कागद टेबलावर तसाच ठेवून निघून गेला.