किटली उकळेपर्यंत

कोरल पॅस्को एकेचाळीस वर्षं माझी शेजारीण होती, आणि तिचे डोळे कोणत्या रंगाचे होते ते मला आज विचारलंत तर सांगता येणार नाही. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तिची मुलगी जनीन माझ्याकडे आली होती. "डेसकाका, आईला रोज बघणारे तुम्हीच. चार ओळी लिहून द्या ना," म्हणाली. मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. त्याला आता आठ महिने झाले. जे लिहायला हवं होतं ते जनीनला तोंडावर सांगायचं मला धाडस झालं नाही, आणि ते सोडून बाकीचं लिहावं असंही वाटेना.

मला माहीत आहे ते एवढंच. कोरलचा जन्म आतल्या गव्हाच्या पट्ट्यातल्या एका शेतावरचा. एकोणिसाव्या वर्षी मर्व्हशी लग्न करून ती इथे वॉलारूला, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या बंदरगावात आली. मर्व्ह जेट्टीवर जहाजांत धान्य भरायच्या कामावर होता. मी धान्याच्या कोठारांपाशी वजनकाट्यावर बसायचो. कोरलने सव्वीस वर्षं बेकरीत पेस्टी वळल्या. मांस-बटाटा भरायचा, कडा मुरडायची, भट्टीत सारायची, सगळं उभ्यानं. तरुणपणी ती गावाच्या संघातून नेटबॉल खेळायची, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे गुडघे तिथेच राहिले. ती कशाला घाबरायची, कपडे वाळत घालताना तिच्या मनात काय चालायचं, हे मी कधी विचारलं नाही. आमच्यामध्ये छातीएवढ्या पन्हळी पत्र्याचं कुंपण होतं. त्यावरून आम्ही कोंबड्या, वारा आणि खेकडे एवढ्याच विषयांवर बोललो.

मर्व्हला अर्धांगाचा झटका आला त्यानंतर मात्र थोडं जास्त बोलणं झालं. त्याची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. "हो", "नाही", "कोरल" आणि एक शिवी, एवढे शब्द उरले. तरी चार वर्षं कोरलने त्याला घरात नीट सांभाळलं. मग एका जानेवारीत तो न्हाणीघरात पडला. तिला त्याला उठवता येईना. त्याला उठवायचं तर आधी आपण खाली बसायला हवं, आणि खाली बसलं की तिचे गुडघे वर येऊ देत नव्हते. अँब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्यावर टॉवेल टाकून, टबच्या काठावर बसून, त्याचा हात धरून होती.

मार्चमध्ये सरकारकडून घरच्या देखभालीच्या तपासणीची बाई आली. दरवर्षी यायची. तिने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षीही तुम्हाला त्यांना उठवता येत नसेल तर होमचा, म्हणजे वृद्धाश्रमाचा, विचार करावा लागेल. त्यावर मर्व्ह चार वेळा "नाही" म्हणाला. कोरलने मला हे कुंपणावरून सांगितलं. कपड्यांचे चिमटे तोंडात धरून बोलायची तिची सवय होती, त्या दिवशी चिमटे हातात होते.

"मी त्याला शब्द दिलाय, डेस. मी असेपर्यंत तो तिथे जाणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

मर्व्हचे हातपाय हलवून घ्यायला इस्पितळातून टॅम्सिन नावाची एक पोरगी यायची. तिनेच कोरलला सांगितलं, तुम्ही आधी स्वतः बळकट व्हा. रोज अर्धा तास चाला.

"अर्धा तास?" कोरल म्हणाली. "अगं पोरी, या घरात मला संडासातसुद्धा सलग अर्धा मिनिट मिळत नाही."

"चहा किती वेळा करता?"

"सात-आठदा. म्हातारा चहावरच जगतोय."

"आणि किटली उकळायला किती वेळ लागतो?"

ते कोणी मोजलं होतं? दोघींनी ओट्याशी उभं राहून मोजलं. अडीच मिनिटं. टॅम्सिनने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि म्हणाली, किटली लावली की या खुर्चीवर बसायचं आणि उठायचं, हात न टेकता, उकळी येईपर्यंत. आठ किटल्यांत वीस मिनिटं होतात.

माझ्या मोरीच्या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसतं. मी मुद्दाम बघत नसे. पण भांडी घासताना समोर दुसरं काय असतं? खिडकीत तिचं पांढरं डोकं वर यायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा वर यायचं. सुरुवातीला एका किटलीला तीनदा, तेही ओट्याला धरून. जूनमध्ये इथे हिवाळा लागेपर्यंत बारावर गेली. बाहेरच्या खोलीत मर्व्हलाही तिने लावलं होतं. "मर्व्ह, किटली!" अशी ती हाक मारायची, की त्याने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून ढुंगण जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं. तो काय म्हणायचा तेही ऐकू यायचं. ती त्याची उरलेली शिवी होती.

मर्व्हची लापशी गरम होईपर्यंत टाचा वर-खाली. गोळ्या भरवून झाल्या, तो पाणी पितोय तोवर भिंतीला हात लावून रेटे. कपडे वाळत घालताना एक कपडा लावला की मागच्या दाराच्या पायरीवर एकदा चढून उतरायचं. चादरींच्या दिवशी सोपं जातं, मोजे धुतले की जीव जातो, असं मला सांगायची.

राहिली जमीन. टॅम्सिनने दोन खुर्च्यांची युक्ती दाखवली होती. पडलेल्या माणसाला आधी गुडघ्यावर आणायचं, एक खुर्ची पुढे, एक मागे. पण ते करायला कोरलला त्याच्याशेजारी जमिनीवर जाऊन परत उभं राहता यायला हवं होतं. ही तालीम ती घरात करत नसे. "तो बघतो आणि रडतो," म्हणाली. "त्याला वाटतं त्याच्यापायी माझे हाल चाललेत. हाल कसले? आधी मी नुसती बसून बिस्किटं खायचे." म्हणून अकरा वाजता, टीव्हीसमोर मर्व्हचा डोळा लागला की ती मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड गवतावर आडवी व्हायची आणि उठायची. पाचदा.

मला हे नंतर कळलं. आधी काय झालं ते सांगतो. मे महिन्यात एकदा मी कोंबड्यांना खरकटं घालायला बाहेर आलो आणि पलीकडे चादरीखाली सपाता घातलेले दोन पाय दिसले. आडवे. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. फाटकाने वळसा घालून जावं हे डोक्यातच आलं नाही. मी कुंपणावरून उडी मारली. पँट पत्र्यात अडकली आणि गुडघ्यापासून वर फाटत गेली.

कोरल उताणी पडून आभाळ बघत होती.

"डेस! तू कुठून उगवलास?"

"तू पडलीस."

"पडले नाही रे, उठायला शिकतेय." मग तिची नजर माझ्या पँटकडे गेली आणि ती तिथेच गवतावर पडल्या पडल्या अशी हसली, अशी हसली की तिला उठताच येईना. शेवटी मीच हात दिला.

तीन दिवसांत गावभर झालं. बेकरीतली पोर मला विचारते, "काका, आज दारातून आलात वाटतं?" कोठारावरचे जुने सोबती भेटले की पाय वर करून दाखवायचे. मला असलं सोसत नाही. महिनाभर मी पाव दुसऱ्या गावाहून आणला. कोरलच्या ते लक्षात आलं असावं. एकदा कुंपणाशी आली, हसली नाही.

"तू धावत आलास ते मला बरं वाटलं होतं, डेस. त्या बेकरीत माझी जीभ सैल सुटली."

"असू दे."

"पुढच्या वेळी नुसता खोक. मी हात वर करीन. हात दिसला की समजायचं, बाई जिवंत आहे."

तेव्हापासून अकराच्या सुमाराला बाहेर आलो आणि ती गवतावर दिसली की मी खोकायचो, चादरीच्या कडेला एक हात वर यायचा, आणि मी तोंड फिरवून माझ्या कामाला लागायचो. पुढे पुढे त्या हाताचाही नेम राहिला नाही. कधी हात, कधी नुसतं "तीन!" म्हणून ओरडणं, कधी श्वास चढलेला असला की काहीच नाही. मीही वाट बघेनासा झालो. बाईमाणूस जमिनीवर आडवं असताना तिथे रेंगाळायचं बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या पँटचं मी विसरलो नव्हतो.

पुढच्या मार्चमध्ये तपासणीची बाई आली तेव्हा कोरल तिच्यासमोर स्वयंपाकघराच्या फरशीवर सरळ आडवी झाली आणि कशालाही हात न लावता उभी राहिली. बाईने पेन खाली ठेवलं म्हणे. मर्व्ह आणखी एक वर्ष घरी राहणार होता. त्या संध्याकाळी कोरलने पेस्टी केल्या आणि एक मला कुंपणावरून दिली, कोपऱ्यावर पिठाचं माझं आद्याक्षर लावलेली. इथे घरच्या माणसांच्या पेस्टीवर तसं लावतात, कोणाची कोणती ते कळावं म्हणून. माझ्या आईनंतर कोणी माझं अक्षर लावलं नव्हतं. मी तो कोपरा शेवटपर्यंत ठेवला आणि मग खाल्ला. तिला मात्र नुसतं "छान होती" म्हणालो.

जूनमध्ये मर्व्ह पलंगापाशी पडला. तिने एकटीने, दोन खुर्च्या लावून, त्याला उठवला. अँब्युलन्स नाही, कोणी नाही.

"अकरा मिनिटं लागली," मला सांगत होती. "दोघंही घामाने निथळत होतो. मग मी किटली लावली. आणि ऐक, उकळेपर्यंत नुसती बसले. पाय पसरून. सव्वा वर्षात पहिल्यांदा." तिचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी पूर्वी पाहिला नव्हता. तेव्हाही डोळ्यांचा रंग मी पाहिला नाही.

आता सप्टेंबरचा तो गुरुवार.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला माहीत आहे, कारण रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. मी खरकट्याचं भांडं घेऊन बाहेर आलो. पलीकडे चादरी होत्या, खाली गवतावर कोरल होती. यावेळी उताणी नव्हती, कुशीवर होती. मी खोकलो. हात आला नाही. पुन्हा खोकलो. वाटलं, मोजत असेल. उठण्याआधी कुशीवर वळायचं असतं, ते तिनेच मला सांगितलं होतं. मी कोंबड्यांना खरकटं घातलं, दोन अंडी काढली आणि आत आलो. स्वतःसाठी चहा केला. बसून प्यालो.

बाराला पाच मिनिटं असताना मर्व्ह काठी भिंतीवर आपटायला लागला. साडेअकराचा चहा आला नव्हता. तो "कोरल" म्हणत होता, पुन्हा पुन्हा. मी मोरीशी गेलो, खिडकीत बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं. अंगणात कोरल होती तशीच कुशीवर होती. यावेळी मी फाटकाने गेलो. घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाला की आधी कळलं असतं तरी बहुधा फरक पडला नसता. त्याची किती खात्री आहे हे मी त्याला विचारलं नाही. मी तिला पंचेचाळीस मिनिटं आधी पाहिलं होतं हेही त्याला सांगितलं नाही. जनीनलाही नाही. जनीन, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे. मी तिला पाहिलं होतं. मी खोकलो आणि घरात गेलो.

मर्व्हला तिसऱ्या आठवड्यात होममध्ये नेलं. जनीनचं घर ॲडलेडला दुसऱ्या मजल्यावर, ती तरी काय करणार? मी दर मंगळवारी त्याला भेटायला जातो. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसतो. तीन वाजता चहाची गाडी खडखडत येते. ती लांब कोपऱ्यावर असतानाच मर्व्ह डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरतो आणि ढुंगण उचलायला लागतो. तिथल्या पोरींना वाटतं, त्याला लघवीला जायचंय. त्या धावत येतात, त्याला धरतात, बसवतात. मी त्यांना एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण नीट जमलं नाही. आता तो उठायला लागला की मी त्याच्या कोपराखाली हात देतो आणि चहा कपात पडेपर्यंत मनात मोजतो. गेल्या मंगळवारी चार झाले.

त्या गुरुवारी सकाळी सातला आमचं बोलणं झालं होतं. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेत होतो. ती झोपायच्या गाउनवर मर्व्हचं जुनं जाकीट घालून तिचा डबा लावत होती.

"डेस, आज हिरवा नाही, पिवळा डबा."

"हो का?"

"दर वेळी चुकतोस. आणि तुझी ती तांबडी कोंबडी परत माझ्या मुळ्यांच्या वाफ्यात बसलीये."

"कुंपणावरून टाक इकडे."

"मी नाही हं. येईल तिची ती. सगळ्यांना मीच उचलत बसू का?"

"बरं," मी म्हटलं, आणि डबा बदलायला मागे वळलो.