इंझोरीची वेलिनो

दसऱ्याच्या सकाळी चंपतनं नारळ उचलला आणि उत्कर्षच्या गाडीच्या तोंडावर हाणला.

वाईट हेतूनं नव्हे. प्रेमानंच हाणला, म्हणून जरा जास्त जोरात बसला.

त्याचं असं झालं. उत्कर्ष आदल्या दिवशी बायकोला आणि आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. दरवर्षी जायचा, आणि जाताना गाडी चंपतच्या मळ्यातल्या शेडात लावून जायचा. चंपत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून मानोऱ्याच्या बाजारात विकायचा. त्या सकाळी त्यानं ट्रॅक्टर धुतला, टेम्पो धुतला, फवारणीचा पंपसुद्धा धुतला आणि सगळ्यांना झेंडूचे हार घातले. कोपऱ्यात ती लाल गाडी तेवढी बिनाहाराची. पंगत बसावी आणि पाहुण्याचं एक लेकरू दारात ताटकळावं, तशी. चंपतला राहवेना. उत्कर्ष पूजाबिजा करत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण उत्कर्ष इथं नव्हता, आणि गाडीची तर काही हरकत दिसत नव्हती.

चंपतच्या हाताला सवय ट्रॅक्टरच्या लोखंडी बंपरची. गाडीचं तोंड होतं फायबरचं. नारळ शाबूत राहिला. तोंड फुटलं.

गिरजाबाई, म्हणजे चंपतची बायको, ताट घेऊन उभी होती. तिनं नारळ हातात घेऊन हलवून पाहिला. पाणी आत तसंच वाजत होतं.

"आता परसाद कायचा वाटू?" ती म्हणाली. "फायबरचा?"

चंपतला हसू आलं नाही. चीर नेमकी कुठून गेली होती, ते त्यानं पाहिलं होतं.

ही गाडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. उत्कर्ष मानोऱ्याच्या पंचायत समितीत कारकून. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, शर्ट कायम इस्त्रीचा. त्याच्या लहानपणी त्याच्या वडिलांनी, पुंजाजींनी, भिंतीची ओल झाकायला कारंज्याच्या एका टायरवाल्याचं कॅलेंडर लावलं होतं. त्यावर एक लाल, जमिनीला चिकटलेली, दोन माणसांची गाडी. खाली नाव: वेलिनो, इटली. साल संपलं, ओल वाढली, कॅलेंडर तिथंच राहिलं. पोरगं रोज जेवताना त्या गाडीकडे पाहायचं. त्याची आई, केशरबाई, म्हणायच्या, "भाजीत मीठ नसलं तरी याले समजत नाही, हा गाडी खाऊन राह्यला."

पुढं नोकरी लागल्यावर त्याला कळलं, की वीजकेंद्राच्या कामाला आलेल्या कोण्या इटालियन इंजिनिअरनं जाताना तसलीच एक गाडी नागपूरच्या एका गॅरेजात टाकून दिली आहे. इंजिन जाम, चाकं बसलेली, आत उंदरांचा संसार. उत्कर्षनं ती टेम्पोत घालून इंझोरीला आणली. टेम्पो अर्थात चंपतचा. गाव पाहायला लोटलं. दौलतसिंग किराणेवाल्यानं वाकून, मग बसून, मग जवळपास झोपून ती पाहिली आणि नाव ठेवलं 'चपटी'. आपल्याकडे चपटी दुसऱ्याही एका वस्तूला म्हणतात, आणि उत्कर्ष थेंबाला शिवत नाही. तरी 'उत्कर्षले चपटीचा नाद लागला' ही बातमी त्याच्या सासरी पोचलीच.

मग सुरू झाल्या दुरुस्त्या. मूळ इंजिनाचे भाग मिळेनात, म्हणून जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. "तात्पुरतं हाय," उत्कर्ष म्हणाला. पोट रस्त्याला घासायचं, म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर वर उचलली. तात्पुरती. छत म्हणून ताडपत्री, काचा दुसऱ्या गाडीच्या, दिवे तिसऱ्या, हॉर्न ट्रकचा. सगळं तात्पुरतं. जीपचं रेडिएटर उंच निघालं, तेव्हा तोंडाची मागची कड कापावी लागली. ते काम उत्कर्षनं स्वतः केलं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही. चपटी आता चपटी राहिली नव्हती. मागून ऑटोसारखी दिसायची आणि चालू झाली की मळणीयंत्रासारखी वाजायची. पण पुढून, फक्त पुढून पाहिलं, तर ती कॅलेंडरातलीच होती. त्या तोंडावर फायबरातच उठवलेली, पंख पसरलेली एक पाकोळी होती. कंपनीची खूण. उत्कर्ष रोज ऑफिसला जाण्याआधी तिच्यावरून रुमाल फिरवायचा.

धम्मदीपा, त्याची बायको, अंगणवाडी चालवायची. ती म्हणायची, "सवतच आणाची होती तं धड तरी आणायची. हे तं चार घरची मिळून एक हाय."

"एक डाव इटलीले गेलो ना," तो म्हणायचा, "की सारं ओरिजिनल टाकतो."

हे वाक्य त्यानं इतकी वर्षं म्हटलं, की घरात ते 'पाऊस आला की पेरू' इतकं सरळ वाटू लागलं होतं.

तर नारळाची चीर त्या पाकोळीच्या मधोमध गेली होती. एक पंख इकडे, एक तिकडे.

दुसऱ्या दिवशी उत्कर्ष आला. चंपतनं बोलणी अंगावर घ्यायची सगळी तयारी ठेवली होती. उत्कर्ष गाडीसमोर उकिडवा बसला. चिरेवरून बोट फिरवलं.

"नारळ?" त्यानं विचारलं.

"हो ना गा. मले वाटलं, बिचारी एकटीच..."

"जाऊ दे."

"अबे, शिव्या तरी दे!"

"जाऊ दे म्हनलं ना."

कानाखाली बसली असती तर चंपत त्या रात्री झोपला असता. कारंज्याला पाण्याच्या टाक्या जोडणारा एक जण होता. त्याला आणू, असं त्यानं सुचवलं. उत्कर्षनं मान हलवली. "तो पाकोळीच्या जागी कावळा उगवंल. अन् मंग तिच्यात तिचं काय राह्यलं?"

खरंच काय राहिलं होतं? तोंड गेलं, की ती गाडी कोण्याच कंपनीची नव्हती. नुसतं भंगार, लाल रंगाचं.

म्हणून शेवटी इटली निघाली. वेलिनोचा कारखाना कधीच बंद पडला होता, पण त्याच गावात एक बाई जुन्या साच्यांवरून अजून सुटे भाग बनवते, असं उत्कर्षला मोबाइलवर सापडलं. एकट्यानं जायची हिंमत नव्हती. अमरावतीहून युरोप दाखवायला निघालेल्या एका सहलीत त्यानं नाव घातलं, आणि चंपतनंही घातलं. "तोडलं म्या, तं आनाले बी मीच येतो," तो म्हणाला. गिरजाबाईनं ठेचा, ज्वारीचे धापोडे आणि सूचना बांधून दिल्या. उत्कर्षनं सामानात घेतला तो जुन्या वर्तमानपत्रांना खळ लावून कापलेला तोंडाचा नमुना. शिंपी गळ्याचा घेतो तसा. त्याची सुरळी तो विमानात मांडीवर घेऊन बसला.

सहलीतली मंडळी निवृत्त जोडपी. ती कललेल्या मनोऱ्याला हातानं टेकू देऊन फोटो काढत होती, तेव्हा उत्कर्ष बसची वाट पुसत होता. मोकळ्या दिवशी सगळे खरेदीला गेले, आणि हे दोघं डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात उतरले.

बाईचं नाव रोझेल्ला. वयानं केशरबाईंएवढी, हातावर फायबरच्या रसायनाचे डाग. शेड पाहून चंपतला एकदम घरच्यासारखं वाटलं. शेडाच्या बाजूला टमाटे, काठ्यांना नीट बांधलेले. तो सरळ वाफ्यात शिरला, एक पान उलटं करून पाहिलं आणि खुणेनं विचारलं, मावा पडतो का? बाईनं कपाळावर हात मारला. पडतो! दोघांचं जमलं. इकडे उत्कर्ष सुरळी छातीशी धरून उभा. परीक्षेला बसलेल्या पोराचा असतो, तसा चेहरा.

बोलणं मोबाइलमधून चाललं. मोबाइलला वऱ्हाडी कळेना, म्हणून उत्कर्ष ऑफिसातल्या अर्जासारखं बोलू लागला, आणि उत्तरं येऊ लागली तीही तशीच. "आपले स्वागत आहे. आपण फार दुरून आलेला आहात. आपले वाहन पाहण्यास मी उत्सुक आहे."

भिंतीवर एक तोंड टांगलेलं होतं. करडं, रंग न दिलेलं, आणि त्यावर पाकोळी. अख्खी. उत्कर्षनं हात लांब केला, पण लावला नाही.

बाईनं ते खाली उतरवलं आणि त्यावर वर्तमानपत्राचा नमुना पसरला. पुढून बरोब्बर बसला. मागं मात्र, कोणी भाकरीचा मोठा घास तोडावा, तशी खाच. तिनं खाचेवर बोट ठेवून वर पाहिलं.

उत्कर्षनं फोटो दाखवले. इंजिन. स्प्रिंगा. ताडपत्री. ट्रकचा हॉर्न. बाई एकेक पाहत गेली. हसेल, असं चंपतला वाटलं होतं. ती हसली नाही. आजारी माणसाचे फोटो पाहावेत, तशी पाहत राहिली. मग मोबाइल बोलला, "यामध्ये आमचे काय शिल्लक आहे?"

उत्कर्षनं भिंतीवरून उतरवलेल्या तोंडाकडे बोट केलं. मग दोन्ही हातांनी काहीतरी मोडल्याची खूण केली. चंपत टमाट्यांकडे पाहू लागला.

बाईनं नमुन्याची सुरळी करून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "मी हे आपणास देईन. परंतु आपण हे कापणार नाही, असे वचन द्यावे."

चंपतनं मोबाइल हिसकला. "नाही कापणार! बिलकुल नाही!"

"चंपत."

"अबे, हो म्हन ना! तिले काय इंझोरीत येऊन पाहाचं हाय?"

उत्कर्षनं मोबाइल परत घेतला. रेडिएटरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि सावकाश, स्वच्छ बोलला, "कापावे लागेल. त्याशिवाय बसणार नाही."

बाईनं मान डोलावली. ते तोंड उचललं आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाला एखादी गोष्ट नाकारताना आपण नजर चुकवतो, तशी तिनं ती चुकवली.

मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं उत्कर्षचा दंड धरून त्याला शेडाच्या मागं नेलं. तिथं तिच्या वडिलांची वेलिनो होती. लाल, बुटकी, जशी कॅलेंडरात होती तशीच. बाईनं त्याला शेजारी बसवलं आणि किल्ली फिरवली.

चंपतला गाड्यांतलं फारसं कळत नाही. पण तो आवाज त्यालाही कळला. मळणीयंत्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पितळी घागरीत कोणी बारीक सुरात गुणगुणावं तसा होता तो, आणि बाईनं पाय दाबला तशी घागर भरत गेली. गाडी द्राक्षाच्या वेलांमधून एक फेरा मारून आली. उत्कर्ष उतरला. त्याचे डोळे भरले होते. आनंदानं, असं चंपतनं ठरवून टाकलं. माणसाला सोयीचं असतं ते तो ठरवतोच. बाईनं दोघांना टमाटे दिले. ते बसमध्ये चंपतनंच खाल्ले.

परत आल्यावर उत्कर्ष गाडीकडे फिरकला नाही. आधी चंपतला वाटलं, थकला असेल. मग वाटलं, रुसला आहे. उत्कर्ष ऑफिसला एसटीनं जाऊ लागला. रस्त्यात भेटला तर वांग्यांचं विचारायचा, गिरजाबाईचं विचारायचा, गाडीचं नाही. घरी गेलं तर धम्मदीपा चहा ठेवायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "भाऊजी, तुमीच काई करा. पहिले गाडीपायी बोलत नव्हते, आता बिनागाडीचे बोलत नाहीत." केशरबाईंनी भिंतीला चुना द्यायला काढला आणि त्या जुन्या कॅलेंडराचं काय करू, म्हणून विचारलं. "काढ," तो म्हणाला. एवढंच. कॅलेंडर निघालं. मागची ओल आता दारापर्यंत गेली होती.

चंपतचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटी कारंज्याच्या त्या टाकीवाल्याला त्यानं स्वतःच आणलं. त्यानं चीर बुजवली, घासली, लाल रंग मारला. पाकोळी ठीकठाक जमली. थोडी जाड झाली, बाळंतपणानंतरच्या बाईसारखी, पण पाकोळीच. चंपतनं बॅटरी भरली, डिझेल टाकलं, गाडी चालू केली आणि खुशीत उत्कर्षला फोन लावला.

"आयक! आयक, कशी मस्त चालू झाली!" त्यानं फोन सायलेन्सरपाशी धरला.

फोन कानाला लावला, तर पलीकडून कधीच बंद झालेला.

दुसऱ्या दिवशी तो पंचायत समितीत गेला. उत्कर्ष टेबलाशी बसून शिक्के मारत होता. चंपतनं खुर्ची ओढली.

"तोंड जोडून घेतलं म्या. येऊन पाहून तं घे."

"बरं केलं."

"अजून राग हाय काय माह्यावर?"

"तुह्यावर कायचा राग?" तो शिक्का मारत म्हणाला, आणि ते खरंच होतं. हेच चंपतला सोसवेना. राग असता, तर तो एक दिवस गेला असता.

"मंग चाल ना! कारंज्यापर्यंत एक चक्कर मारू. पहिले नाही का जात होतो..."

उत्कर्षनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, एक झाड आणि दोन स्कूटर.

"तिथं शेडात पडून पडून सडंल गा ते," चंपत काकुळतीला आला. "तुह्या दारात तरी आणून उभी करू का?"

उत्कर्षनं पुढचा कागद ओढून घेतला.

"आण, पण ट्रॅक्टरले टोचन लावून आण, चालू करू नको."