मामांनी हातानं ऐकलेला आवाज

मंडळी, आज घनसावंगीत शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. साऊंड आणि एलईडी स्क्रीनचं काम माझ्याकडं होतं.

सकाळी माईक तपासत होते, तेवढ्यात आसाराममामा आले. आमच्या गावात लग्नाला, सप्त्याला भोंगे लावायचे ते हे मामा. बारावीनंतर मी त्यांच्याकडं काम शिकायला गेल्ते, तेव्हा लोक हसले. मामा म्हणाले, "वायरीला काय कळतं, पोरगं हाय का पोरगी?"

वायर सोलायला, शिट्टी मारणारा माईक गप्प करायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मोटारसायकलवर भोंगे बांधून आम्ही पार जांब गावापर्यंत जायचो. फार मजेचे दिवस होते ते.

आता मामांना जवळपास ऐकूच येत न्हाई. तरी मी सवयीनं विचारून बसले, "मामा, आवाज कसाय?" आणि जीभ चावली.

मामांनी माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखला आणि स्पीकरवर तळहात टेकवला. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"बाई, बेस लई झालाय. शब्द बुडून राह्यले."

मी शेवटच्या रांगेत जाऊन ऐकलं. बराबर होतं त्यांचं! लगेच बेस, म्हणजे तो घुमणारा जाड आवाज, कमी केला.

मेळाव्यात थकलेल्या गुरुजींचा बारीक आवाज शेवटपर्यंत स्वच्छ पोहोचला. मामा स्टेजकडं पाठ करून लोकांचे चेहरे बघत बसले होते. लोक हसले की तेही हसायचे.

मला साऊंडच्या मिक्सरवरची बटणं नीट दिसेना झाली.

तुमच्या हातात पहिलं काम कुणी दिलं होतं? शेवटचं कधी भेटलात त्यांना?