फॅन बंद करा, मा

कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी वर बघायचे. माणसं नंतर, फॅन आधी. मग भिंतीवरचा स्विचबोर्ड शोधायचा आणि कोणालाही न विचारता बटण बंद करायचं. "फॅन बंद करा, मा," हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत पाती मंदावलेली असायची. चेन्नईच्या मे महिन्यात असं वागणाऱ्या माणसाला घरात कोण घेईल, तुम्हीच सांगा. पण आमच्या पेरुंगुडीच्या इमारतीत सगळे घ्यायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची.

'मा' म्हणजे मी. इथे भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबीणबाईंपर्यंत सगळ्याच बायकांना लोक सवयीने 'मा' म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिकहून इथे आले आणि इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत दवाखाना थाटला. मामा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त, लग्न केलेलं नाही, आणि उजवा गुडघा रुसलेला. तो गुडघा घेऊनच ते पहिल्यांदा आले.

मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांना पाय दुमडायला सांगत होते. दाब जरा जास्त पडला असावा.

"हळू, मा. तो गुडघा माझा आहे," ते स्वच्छ मराठीत म्हणाले.

मी दचकून पाय सोडला. "तुम्ही मराठी?"

"तंजावरचे. मराठीच. पण तुमचं नव्हे, आमचं."

त्यांचं मराठी ऐकायला मजा यायची. इकडे-तिकडेला हेकडे-तेकडे, मला-तुलाला मज-तुज, आणि सगळ्या वाक्याला तमिळ चाल. जुन्या दागिन्याला नवी दोरी ओवावी तसं. माझ्याशी बोलताना ते जरा सावरून बोलायचे. चुकून त्यांचं मराठी निसटलं की स्वतःच हसायचे.

त्या सुमारास मी व्यायामाचे व्हिडिओ करायला घेतले होते. रुग्ण दवाखान्यात सगळं नीट करतात आणि घरी जाऊन विसरतात. म्हटलं, फोनवर पाठवावं, बघून करतील. पहिला व्हिडिओ मी मोठ्या हौसेने मामांना दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. बघितला नाहीच.

"व्यायाम बरा असेल," ते म्हणाले, "पण हेलिकॉप्टर कशास आणलात?"

तो माझ्या डोक्यावरचा फॅन होता. मला तोवर ऐकूच आला नव्हता. चेन्नईत राहणाऱ्या कोणालाच येत नाही.

मी म्हटलं, म्हणूनच तर चांगला कॅमेरा घेते आहे. एक मोठा, काळा, लांब नाकाचा कॅमेरा मी निवडून ठेवला होता. त्याचा फोटो दाखवला. मामांनी चष्मा वर केला.

"हा गुडघा वाकवतो?"

"नाही."

"मग नोको. चित्र थोडं अंधुक असलं तर माणूस सोसतो, मा. बोलणं कळलं नाही की उठून जातो. पहिला माइक. कॅमेरा तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे, तो पुरे."

दुसऱ्या दिवशी ते मला रिची स्ट्रीटला घेऊन गेले. त्या गल्लीत वायरी, स्पीकर आणि माणसं एकमेकांत गुंतलेली असतात. मामांनी एका चिंचोळ्या दुकानात कॉलरला लावायचा छोटा माइक मागितला आणि तो सरळ दुकानदाराच्याच शर्टाला अडकवला. मग वर बघितलं.

"फॅन ऑफ पण्णुंगो."

"सार, गिऱ्हाईक मरेल," दुकानदार तमिळमध्ये कळवळला.

"विकत घेऊन मरेल," मामा म्हणाले.

फॅन बंद झाला. आत उभे असलेले आम्ही सगळे घामाने निथळत असताना दुकानदाराने माइकसमोर आपल्या मालाची स्तुती केली. मामांनी ती इअरफोन लावून ऐकली, मग दुसरा माइक लावायला सांगून पुन्हा ऐकली. दुकानदाराच्या मते महागडा चांगला होता. मामांनी स्वस्तातला घेतला, कारण त्यात 'स' कमी शिट्टी मारत होता. मी एक ट्रायपॉड उचलला. तो पायांवर उभाही राहीना.

"हा डळमळतोय, मामा."

"घरी तांदूळ आहे ना?"

घरी आल्यावर त्यांनी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला इडलीच्या तांदळाची पिशवी टांगली. ट्रायपॉड जमिनीत रोवल्यासारखा घट्ट झाला. मी दिवे घ्यायचे म्हणत होते, तर त्यांनी आपली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणून खिडकीवर टाचली. "सूर्य हेकडे फुकट आहे, जरा जास्तच आहे. त्यास वेष्टी नेसवायची, मग तो सभ्य होतो." खरंच झाला. माझ्या चेहऱ्यावरच्या सावल्या गेल्या आणि मी पाच वर्षांनी तरुण दिसू लागले. ही बाब मी रुग्णांपासून लपवून ठेवली आहे.

त्यांची आणखी दोन शास्त्रं होती. एक, नेहमी दोन फोन लावायचे. "एकावर भरवसा नोको. यंत्र रुसतं." आणि दोन, सुरुवातीला जोरात टाळी वाजवायची, म्हणजे पुढे दोन्हीकडचा आवाज त्या टाळीवर जुळवता येतो. ते आत टाळी वाजवायचे आणि बाहेर बाकावर बसलेले रुग्णही उत्तरादाखल वाजवायचे. दवाखान्यात भजन चालतं अशी वॉचमनची समजूत होती.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाचं फॅनशी एवढं वैर कशासाठी? मीही एकदा विचारलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक जुना व्हिडिओ लावला. कधीकाळच्या स्वस्त फोनवर काढलेला, चित्र मळकट. एक म्हातारी बाई जमिनीवर बसली आहे. थेट त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलते, हात हलवते आणि खळखळून हसते. ऐकू येतो तो फक्त फॅन.

"माझी अम्मा. तिचा हा एकच आहे," मामा म्हणाले.

"काय म्हणाल्या त्या?"

"तेंच तर. मी काढण्यात गुंतलो होतो, ऐकलंच नाही. अक्का शेजारी होती. तिला विचारलं, तर म्हणते एवढं कोण लक्षात ठेवतं. मज वाटतं, आशीर्वाद असेल." मग जरा थांबून, "किंवा माझं लग्न."

ही अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तांबरमला राहणारी, ऐंशीच्या पुढची. घरातलं जुनं मराठी पुरतं बोलणारी आता ती एकटीच उरली होती. भाचे, पुतणे, त्यांची मुलं सगळी तमिळमध्ये उत्तरं द्यायची. मामांना तिला बोलताना चित्रित करायचं होतं आणि घाई होती, कारण दातांच्या डॉक्टरने अक्काचे उरलेसुरले सगळे दात काढायचा दिवस ठरवला होता.

"दात गेले की शब्द वारा होऊन येतील, मा."

त्यांनी आधी दोनदा प्रयत्न केला होता. कॅमेरा दिसला की अक्का तमिळवर जायची. "कॅमेऱ्यास मराठी येत नाही असं तिला वाटतं," मामा म्हणाले. "तुम्ही या. समोर मराठी बाई बसली की ती मराठी बोलेल."

एका रविवारी आम्ही बसने तांबरमला निघालो. त्यांच्या एका पिशवीत जुना छोटा कॅमेरा होता, झाकण रबरबँडने बांधलेला. दुसऱ्या पिशवीत वेष्टी. तिसरी माझ्या हातात दिली, ती जड होती.

"मामा, तांबरमला तांदूळ मिळतो."

"ओळखीचा बरा," ते म्हणाले.

अक्का चिमुकल्या, ताठ, दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेल्या. व्हिडिओ निघणार म्हणून रेशमी साडी नेसून बसल्या होत्या. मामांनी पाच मिनिटांत फॅन बंद केला, फ्रिज बंद केला, खिडकीला वेष्टी नेसवली, शेजारच्यांचा टीव्ही बंद करवला आणि अक्कांच्या पदराला माइक लावला. तेवढ्यात हवाई दलाच्या तळावरचं एक विमान घरघरत डोक्यावरून गेलं.

"त्यांना फोन करू का?" मी विचारलं. मामांनी क्षणभर खरंच विचार केला.

माझा फोन मी समोरच्या फळीवर, कॉफीच्या डब्याला टेकवून लावला. मामांनी टाळी वाजवली.

"डास?" अक्कांनी विचारलं.

"नाही, अक्का. बोल."

अक्का माझ्याकडे वळल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आपला प्रवास सुखाचा झाला ना? आमचे बालपण तंजावर येथे अत्यंत आनंदात व्यतीत झाले."

मामांचा चेहरा पडला. मी लहानपणचे खेळ विचारले, सण विचारले, भांडणं विचारली. सगळ्याला बातम्या दिल्यासारखी उत्तरं आली. प्रथम आम्ही हे करत असू, तदनंतर ते करत असू. मामा कॅमेऱ्यामागून कुजबुजले, "अक्का, आपल्यासारखं बोल."

"मी आपल्यासारखेच बोलत आहे," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गुण देणार आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे मी रोज बघते. रुग्णाला म्हटलं, जरा चालून दाखवा, की तो परेडला आल्यासारखा चालतो. लंगडणं दिसतच नाही. म्हणून मी तपासणी संपली असं सांगते, पैसे घेते आणि तो दाराबाहेर पडताना मागून त्याची चाल बघते. खरी चाल तीच असते. इथे परीक्षक होऊन बसले होते मी, आणि मला आणलं होतं मामांनी, मोठ्या आशेने.

थोड्या वेळाने मामांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. "पुरे, मा. झालं." ते स्टुलावर बसले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"मी जरा पाणी पिते," मी म्हटलं आणि उठले. जाताना फळीवरच्या माझ्या फोनकडे एक नजर टाकली. लाल ठिपका होता. मी त्याला हात लावला नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी बघत उभी राहिले.

फार वेळ लागला नाही.

"अरे, फॅन लाव डा!" बाहेरून असा आवाज आला की मला वाटलं तिसरंच कोणी आलंय. "हेकडे बसवून भाजून काढतोस काय मज? घाम आला, तुज दिसेना? ती बाई आली मणून गप्प बसले. केव्हांपासून तो डब्बा माझ्याकडे डोळा मिचकावतो! लहानपणापासून तसाच तू. डब्बा मिळाला की भूक नाही, तहान नाही. अम्मा पण त्या दिवशीं हेंच मणाली. तो डब्बा ठेव मणाली, दहीभात आंबून जातो मणाली, डब्ब्यास भरव आणि तू उपाशी नीज मणाली!"

मग मामांचा बारीक आवाज. "कोण मणाली?"

"अम्मा! आणखी कोण?"

"हसली ती काय मणून?"

"तुझं तोंड बघून हसली. दुसरं काय होतं हसायला?"

"मी विचारलो तेव्हां आठवत नाही मणालीस."

"तेव्हां फॅन चालू होता. डोकं थंड होतं. अत्तां तापलं तर आठवलं." खट्ट आवाज झाला. अक्कांनी स्वतः उठून फॅन लावला होता.

मामा स्वयंपाकघरात आले. खांदे हलत होते, आधी कळेना हसतात की काय. हसतच होते. "दहीभात, मा," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी आशीर्वाद समजून बसलो." त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळे पुसले. उकाडा होताच, घाम असेल असं मी धरून चालले.

"मामा, माझा फोन चालू आहे," मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर फिरणाऱ्या फॅनकडे. पहिल्यांदाच त्यांचा हात स्विचकडे गेला नाही.

आम्ही तिघांनी तो व्हिडिओ तिथेच बसून बघितला. अक्कांना आपलं रागावणं इतकं आवडलं की "आणखी एकदा लाव" म्हणून त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि कोणत्या भाच्याला आधी पाठवायचा ते फर्मावलं. शेवटी मीच म्हटलं, "शेवटी-शेवटी फॅनचा आवाज आलाय."

"असू दे," मामा म्हणाले. "अक्काचा त्याच्याही वर आहे."

दात ठरल्या दिवशी निघाले. नवे बसले. अक्का आता प्रत्येक शब्द चावून बोलतात, त्यामुळे रागावणं जास्तच स्पष्ट झालं आहे. ते रोजच्या रोज टिपायचं म्हणून मामा तांबरमलाच राहायला गेले. तांदळाची पिशवी घेऊन गेले, वेष्टी मला ठेवली. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरे भाडेकरू आहेत, एसीवाले. दवाखान्यात व्हिडिओ करताना मी फॅन बंद करते, रुग्ण कुरकुरतात, मी ऐकत नाही. टाळी वाजवते तेव्हा बाहेरून अजून उत्तर येतं.

दर आठवड्याला मामांचा एक व्हिडिओ येतो. कालच्यात अक्का जमिनीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या आणि समोरच्या घरातल्या सुनेचं काहीतरी रंगवून सांगत होत्या. वर फॅन घरघरत होता. अर्ध्यात चित्राच्या कडेने एक हात आत आला, जुन्या घड्याळाचा, ओळखीचा. भिंतीला धरून हळूहळू स्विचबोर्डकडे सरकत गेला. अक्कांनी मान वर केली नाही, पाला निवडणं थांबवलं नाही.

"हात लावून बघ डा," एवढंच म्हणाल्या.

हात थांबला, जरा विचारात पडला, आणि आला तसा परत गेला.