चारच्या जीपआधीचा रिपोर्ट

"मशीन डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी शिफारस करणार नाही," असं बैठकीत ठणकावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जळगाव स्टँडवर धुळ्याची बस पकडली. आमची संस्था सातपुड्याच्या पायथ्याशी तीन दवाखाने चालवते. मी तिथली लॅब टेक्निशियन. क्षयाची तपासणी दवाखान्यातच करणारं यंत्र घ्यायचं होतं. कुठलं, ते सोमवारी ठरणार होतं. आत्तापर्यंत बेडक्याचे नमुने जळगावला यायचे. गेल्या वर्षी एका बाईला मीच म्हणाले, "चार दिवसांनी ये." क्षय असल्याचा रिपोर्ट आला तेव्हा ती मजुरीला गुजरातेत गेलेली. परतली तेव्हा कडेवरच्या पोरीलाही लागण झाली होती. ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

धुळ्याला दोन-अडीच तास धरा. सकाळची बस असेल तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. तिथल्या एका लॅबमध्ये मोठं यंत्र पाहिलं. गारेगार एसी खोली, एका वेळी चार नमुने!

"लाइट गेली तर?" मी तिथल्या टेक्निशियनला विचारलं.

"बॅकअप आहे ना मॅडम! तोही बसला तर मात्र चालू टेस्ट बाद, नमुना भरलेली महागडी कार्ट्रिज फुकट."

तरी माझं मन त्यावरच बसलं. चार म्हणजे चार! त्याच खुशीत शेवभाजी मागवली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण रस्सा दोनदा घेतला. मुक्काम शिरपूरला केला.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी जीपनं पायथ्याचं गाव गाठलं. माणशी चाळीस रुपये, सुटे ठेवा. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, चारले परत निंघस. मंग गाडी नई." गावात आठवडे बाजार होता आणि दवाखाना माणसांनी फुललेला. इथलं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवरचं, एका वेळी दोनच नमुने घेणारं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. बाराला लाइट गेली, पंखा थांबला, यंत्र आपलं चालूच.

तिथली सिस्टर प्रत्येकाला आधी विचारायची, "कोणत्या जीपनं आलात?" मला वाटलं, गप्पा मारतेय. मग तिनं आधी आलेल्या तरुणाला मागे ठेवून एका म्हाताऱ्या आबांचा नमुना पुढे घेतला. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"सिस्टर, नंबर चुकतोय तुमचा."

"मॅडम, बठ्ठा लोक बाजारनाच दिन येतस. आबास्नी जीप चारले जास. तो भाऊ ह्याच गावना शे, सांजलगून थांबी."

म्हणजे सगळेच बाजाराच्या दिवशी येणार, आणि ज्याची जीप आधी, त्याचा नमुना आधी. माझ्या तक्त्यात अचूकता होती, उन्हाळ्यातलं तापमान होतं, किंमत होती. माणूस घरी कधी जातो, हा रकानाच नव्हता. इतकी वर्षं काम करून!

गर्दीत आबांचा नमुना लागेपर्यंत तीन वाजले. चारला हॉर्न वाजला. आबा उठलेच. "बहीण, मी जास. पुढला बाजारले इसू."

"बसा आबा, थोडंसंच राहिलंय!" सिस्टर ओरडली. मी बाहेर धावले आणि सरळ जीपसमोर उभी राहिले.

"अक्का, बठ्ठासले उशीर व्हई ऱ्हायना!"

"होऊ दे. मलाही याच जीपनं जायचंय, आणि मी हलत नाही."

आतल्या बायकांनी मला चार शब्द सुनावले. ऐकून घेतले. रिपोर्ट आला, आबांना क्षय निघाला. सिस्टरनं त्यांना शेजारी बसवून नीट समजावलं, पहिल्या गोळ्या दिल्या, घरातल्या सगळ्यांना तपासणीला आणायला बजावलं. मग आम्ही निघालो. शिरपूरला जीप बदलून चोपड्यामार्गे जळगाव, रस्ता खड्ड्यांचा, कंबर सांभाळा.

सोमवारी बैठकीत मी छोट्या यंत्रासाठी तासभर भांडले. तिन्ही दवाखान्यांना तेच मंजूर झालं. नुसतं यंत्र घेऊन भागणार नाही, रांग कशी लावायची हेही शिकायला आमच्या सिस्टर त्या गावी जाणार आहेत.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, इथे सांगते. आबांचा आजार कळला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण गोळ्यांची पुडी सदऱ्याच्या खिशात सरकवून ते जीपमध्ये माझ्या शेजारी बसले आणि मला इतका आनंद झाला, की मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.