पाठीनं पसंत केलेली गाडी

आमच्या घरातली पहिली मोटरसायकल माझ्या नावावर होती, माझ्या पगारातून आली होती, पण पसंत केली ती बाबांच्या पाठीनं. हे मी थट्टेनं म्हणत नाही.

गोवा राज्य झालं ते वर्ष. मी मुळगावच्या एका खाणीच्या काट्यावर, म्हणजे खनिज भरलेले ट्रक जिथं तोलतात तिथं, क्लार्क होतो. घर सर्वणला. बाबांनी उभं आयुष्य असलेच ट्रक हाकले होते आणि त्या रस्त्यांनी त्यांची पाठ पार खिळखिळी करून टाकली होती. घरी ते कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, ताठ बसून मराठी पेपर वाचायचे आणि त्यातल्या बातम्यांवर आईशी कोंकणीतून भांडायचे. बाहेर भाषेवरून एवढं रणकंदन झालं, झाडं तोडून रस्त्यांवर टाकली, पण आमच्या सोप्यावर, ओसरीत, दोन्ही भाषा सुखानं नांदत होत्या. बाबांना उठताना मात्र हात द्यावा लागायचा, आणि हात दिला की ते रागवायचे.

त्यांची मोठी बहीण पेडण्याच्या बाजूला एका खेड्यात राहायची. माझी आते. बाबांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते ह्या बहिणीनं. ती स्वतः तेव्हा परकरातली पोर. पुढं लग्न होऊन गेली, लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. बाबा तिला 'बाय' म्हणायचे. दर भाऊबिजेला काही झालं तरी तिच्याकडं जायचे. पण पाठ गेली आणि ते जाणं थांबलं. सर्वणहून तिच्याकडं जायचं म्हणजे डिचोलीला बस, मग म्हापशाला दुसरी, पेडण्याला तिसरी, आणि तिथून पायपीट. शेवटच्या खेपेला घरी परतल्यावर बाबा आठवडाभर अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी बस बंदच केली.

त्या पावसाळ्यात आतेनं अन्न टाकलं. नुसत्या पेजेवर होती. तिच्या शेजाऱ्यांकरवी निरोप आला की, भावाला बघायचंय. तेव्हा मी म्हटलं, गाडी घेऊ. तिन्ही बसचा प्रश्न मिटेल, आणि मलाही काट्यावर जायला ट्रकवाल्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत.

गाडी घ्यायचीय म्हटल्यावर सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. काट्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर इंजिनचा तज्ज्ञ. एक म्हणाला, ती जुनी, धडधडणारी जड गाडी घे, जन्मभर मोडायची नाही. तिचं पेट्रोल पाजायला मला दुसरी नोकरी धरावी लागली असती. दुसऱ्यानं टू स्ट्रोक सुचवली. तिची पिकअप बघून मी भुललोही होतो, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, धूर खा, आणि शिवाय ती पिणार ती वेगळीच. स्कूटरला नंबर लावून वाट बघायची. डिचोलीच्या बसस्टँडवरचा एक पायलट, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं पोचवणारा, आपली गाडी विकत होता. दिसायला ती चकचकीत. बाबांनी नुसतं मागच्या सीटवर बूड टेकवलं आणि म्हणाले, "ही सीट न्हय, पाट." पायलट बिचारा हिरमुसला. आयुष्यभर लोकांना त्याच पाटावरून त्यानं सुखरूप पोचवलं होतं.

शेवटी काट्यावरच्याच एका सहकाऱ्याची नवी, फोर स्ट्रोक, शंभर सीसीची गाडी मी दिवसभरासाठी मागून घेतली. असल्या गाड्या तेव्हा नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या आणि त्यांच्या मायलेजच्या गोष्टी लोक देवाच्या चमत्कारासारख्या सांगत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी टाकी पार रिकामी केली, बाटलीनं मोजून लिटरभर पेट्रोल ओतलं, दुसरी बाटली पिशवीत घेतली आणि निघालो. साखळी गाव झालं, डिचोली झाली, पुन्हा साखळी झाली, तरी गाडी थांबायचं नाव घेईना. मलाच भूक लागली. शेवटी एकदाची थांबली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून एकटाच हसत होतो. तशा हसण्याचा प्रसंग त्या वर्षी पुन्हा आला नाही.

पेट्रोलचं झालं. पण खरी परीक्षा बाकी होती. बाबांना मागं बसवून मी मुद्दाम मुळगावचा रस्ता धरला. ट्रकनी तो असा खणून ठेवला होता की गुरंसुद्धा तिथून बघून चालायची. बाबांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. खड्डा आला की बोटं रुतायची. घरी येऊन उतरले तेव्हा मी विचारलं, कशी वाटली?

"आज कळना," ते म्हणाले. "फाट फाल्यां सांगतली."

आमच्या घरात हे वाक्य सर्वांच्या ओळखीचं होतं. पाठ त्यांच्याशी लगेच बोलत नसे. आजच्या प्रवासाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. त्यामुळं त्या दिवशी घरात निकाल लागायचा असल्यासारखं वातावरण. सकाळी बाबा कुणाचा हात न धरता उठले, पाववाल्या पदेराकडून आलेला उंडा चहात बुडवला आणि म्हणाले, "फाट दुखना. हीच घे."

मी त्याच दिवशी म्हापशाला जाऊन गाडी बुक केली. रंग तांबडा घेतला. काट्यावर सगळ्यांचा एकच सल्ला होता, खाणीची माती बसली तरी कळणार नाही.

चवथीचे गणपती पोचवून घर रिकामं झालं आणि दुकानदाराचा ऑफिसात फोन आला, गाडी आलीय, घेऊन जा. मी धावतच घरी आलो. दुसऱ्या दिवशी गाडी, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेडणे, असा माझा बेत ठरलासुद्धा होता. आईनं विचारलं, म्हाळ कधी लागतात? पितृपंधरवड्याला आमच्याकडं म्हाळ म्हणतात आणि त्या दिवसांत नवी वस्तू घरात येत नाही. अजून दोनेक दिवस होते. मी म्हटलं, म्हणून तर उद्याच आणतो. पण बाबांच्या मनात ते दोन दिवस खुपले. इतकी घाई करून, म्हाळाच्या तोंडावर, तेही गाडीसारखी जिवाशी खेळणारी वस्तू आणायची, त्यापेक्षा दसऱ्याला आणू. नाहीतरी दसरा हा गाड्यांचाच सण.

"देवाक विचारूं या," ते म्हणाले.

देवाला विचारणं आमच्याकडं साधी गोष्ट होती. घर बांधायचं, मुलगी द्यायची, बैल घ्यायचा, विचारायचं देवाला. देवळात पुजारी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि मग सगळे डोळे लावून बसतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ह्याला प्रसाद घेणं म्हणतात. पुजाऱ्यानं गाऱ्हाणं घातलं. तुझ्या लेकरानं गाडी घेतलीय, ती दसऱ्याला घरी आणली तर सगळं सुरळीत होईल काय? मी खांबाला टेकून उभा होतो. मला वाटत होतं डावी पडावी. पाण्याचा थेंब ओघळला आणि उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली. बाबांनी समाधानानं हात जोडले.

त्या पुजाऱ्याला, बाबांना, आईला, आणि तिथं उभ्या असलेल्या मलाही एक गोष्ट सुचली नाही. गाडीचं विचारलं. आतेचं कुणीच विचारलं नाही. ती दसऱ्यापर्यंत थांबेल काय, एवढा एक प्रश्न विचारायला पाकळ्या काही कमी नव्हत्या.

त्या रविवारी मी एकटाच बसनं आतेकडं गेलो. ती जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, बसली होती. एवढीशी झाली होती. मला वाटतं, बस गावात येऊन गेल्याचा आवाज तिला तिथं ऐकू यायचा. तिनं माझ्या मागं दाराकडं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"बापूय येवंक ना?"

मी गाडीचं सांगितलं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. गाडीचा रंग विचारला. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "फाटल्यान बसपाक बरी आसा मरे? ताची फाट पयलीं पळय."

स्वतः भिंतीला टेकल्याशिवाय बसू शकत नव्हती, आणि काळजी भावाच्या पाठीची. मी सांगितलं की सीट लांब आहे, मऊ आहे, त्यांनी बसून बघितलीय. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दारात.

"दसरो," ती म्हणाली, आणि जनेलाबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "चड रावूं नाकात." फार थांबू नका.

घरी आल्यावर मी बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, गाडी राहू दे, टॅक्सी करू या. आमच्याकडं टॅक्सी तेव्हा लग्नाला नाहीतर हॉस्पिटलला व्हायची, सहज म्हणून नाही. बाबांनी विचार केला. केला हे मला दिसलं. पण मग म्हणाले, "आतां आपली गाडी येतली न्हय? देवान उजवो दिला." मी चिडलो. म्हटलं, देवानं गाडीला उजवा दिलाय, आतेला नाही. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि बाबा पेपर उघडून बसले. पेपर वाचून झालेला होता.

म्हाळ निम्मे झाले असतील. दुपारी ऑफिसात फोन आला, आते गेली.

आणि मग जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तासाभरात आमच्या दारात टॅक्सी उभी राहिली. आदल्या दिवसापर्यंत जी करायची नव्हती तीच टॅक्सी. कुणी देवाला विचारलं नाही, म्हाळ आडवे आले नाहीत. बाबांना मागच्या सीटवर उशी देऊन निजवलं. पुढच्या सीटवरून मी म्हापशाच्या बाजारातून जाताना ते दुकान बघितलं. काचेमागं आमची तांबडी गाडी उभी होती, कुणीतरी तिला कागदी हार घातला होता. बाबा झोपलेले असल्यानं त्यांना ती दिसली नाही. मी दाखवली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पावसाची चिन्हं होती, लोक तरी किती थांबणार? दिरांच्या मुलांनी अग्नी दिला होता. बाबा स्मशानाशी जाऊन उभे राहिले. पाठ दुखतेय, बसतो, असं काही म्हणाले नाहीत. मीच शेवटी हात धरून त्यांना आणलं, आणि त्या दिवशी ते हात धरला म्हणून रागावले नाहीत.

दसऱ्याला गाडी घरी आली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ, आईनं केलेलं गोड. देवानं दिलेला उजवा तंतोतंत खरा ठरला. गाडी आणताना टाचणीएवढं विघ्न आलं नाही, आणि पुढंही कित्येक वर्षं तिनं मला रस्त्यात कधी सोडलं नाही. सगळं सुरळीत झालं. बाबांनी लांबूनच नमस्कार केला.

भाऊबिजेच्या सकाळी ते बाहेरचे कपडे घालून सोप्यावर येऊन बसले. मी गाडी काढली. अस्नोडा, म्हापसा, कोलवाळला नदी ओलांडली. मी इतकी सांभाळून गाडी आयुष्यात पुन्हा चालवली नाही. पूर्ण वाटेत खांद्यावरचा हात होता तसाच होता, बोटं एकदाही रुतली नाहीत. जायला किती थोडा वेळ लागतो हे मला कळलं, आणि बाबांनाही कळलं असणार.

आतेच्या घराला कुलूप होतं. जनेल बंद. बाबा सोप्यावर बसले. शेजारणीनं पाणी आणून दिलं, त्यातलं त्यांनी घोटभर घेतलं आणि तांब्या जवळ ठेवून दिला. दुपारची बस गावात येऊन गेली, तिचा आवाज तिथं खरोखरच स्पष्ट ऐकू येत होता. बाबांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग म्हणाले, चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ते कुणाचा हात न धरता उठून बसले होते. सवयीनं त्यांनीच सांगितलं.

"फाट दुखना."

म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं वळवलं. चहा हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो. जरा तरी दुखायला हवी होती, असं मला त्या क्षणी फार वाटलं. त्यांनाही तेच वाटत होतं. त्यानंतर बाबा त्या गाडीवर कधी बसले नाहीत.